काचेच्या चाळीतले बाळंतपण

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मांडलेली मत्स्यपेटी म्हणजे तीन फुटांची एक चाळच होय. वरच्या मजल्यावर चपळ झेब्रा मासे सदा जिन्यावर धावपळ चालल्यासारखे पळत असतात; मधल्या मजल्यावर टेट्रांची पोरे घोळक्याने हिंडतात; तळमजल्यावर मिशाळ कॉरिडोरा वाळू चिवडीत बसतात. आणि या साऱ्या गर्दीतून, उपरणे सावरीत एखादे घरंदाज जोडपे निघावे तसे, लांब परांचे दोन एंजल मासे संथपणे फेरी घालतात. भांडण नाही, तंटा नाही. घरधनी कौतुकाने पाहत असतो. आणि मग एके दिवशी त्या जोडप्याच्या घरी पाळणा हलायची चिन्हे दिसू लागतात!

एंजल हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, सिक्लिड कुळातला. बहुतेक मासे पाण्यात अंडी सोडतात आणि पुढचा भार दैवावर टाकतात. सिक्लिडांची रीत निराळी. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या कितीतरी जातींची माता अंडी तोंडात धरते आणि सुमारे तीन आठवडे जवळजवळ अन्नावाचून काढते. डिस्कसची पिले आईबापांच्या अंगावरचा स्राव टिपून वाढतात. म्हणजे दुधाची उणीव तेथेही राहिलेली नाही. इतके दूर कशाला जा, आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर, केरळातला करिमीन, हाही याच कुळातला, आणि पिलांची राखण तेथेही आईबाप मिळूनच करतात.

कॉन्राड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने, ज्याला पुढे 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले, जुवेल नावाच्या सिक्लिडाची एक हकीकत लिहून ठेवली आहे. संध्याकाळी भरकटलेली पिले तोंडात धरून घरी पोचवणे हे त्या घरातल्या बापाचे काम. एकदा तो गांडूळ चघळीत असताना समोर एक चुकार पोर दिसले. कर्तव्य म्हणून तेही तोंडात घेतले. आता गिळावे तर पोर जाते, थुंकावे तर घास जातो! मासा क्षणभर स्तब्ध राहिला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकली, गांडूळ सावकाश खाल्ले, एक डोळा पोरावर ठेवला, आणि जेवण उरकून त्याला उचलून घरी नेले. आपल्यापैकी किती बापांना हे साधले असते?

पण याच वात्सल्याची दुसरी बाजू आपल्या पेटीत दिसते. जोडपे रुंद पानाची वनस्पती किंवा पंपाची नळी निवडते आणि तोंडाने घासून लखख करते. मादी ओळीने अंडी लावते, नर मागोमाग त्यांवरून फिरतो. पाहता पाहता काही शे अंडी चिकटतात. दोघे आळीपाळीने परांनी वारा घालतात, पांढरी पडलेली अंडी वेचून काढतात. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. आणखी पाच-सहा दिवसांनी पिले पोहू लागतात. या काळात ते घरंदाज जोडपे साऱ्या चाळीचे वैरी होते. अर्धी पेटी त्यांची! टेट्रा एका कोपऱ्यात कोंबलेले, कुणाचा पर फाटलेला, कुणी अन्नाला मुकलेला. दिवसा हे शेजारी मार खातात. रात्री दिवा मालवला की तळमजल्यावरचे मिशाळ बिऱ्हाड अंड्यांवर सूड उगवते. सकाळी पान रिकामे असते.

अशा वेळी मुले विचारतात, ‘बाबा, पिले कुठे गेली?’ आणि याचे उत्तर आधीच योजून ठेवणे हीच खरी मत्स्यपालनाची कसोटी आहे. ज्याला पिले वाढवायची आहेत त्याने बाळंतिणीची खोली वेगळी ठेवावी. लहान वयाची पाच-सहा एंजल एकत्र वाढवावीत. नर-मादी डोळ्यांनी ओळखणे कठीण, ती आपली जोडी आपणच जमवतात. जोडी जमली की तिला स्वतंत्र, उंच पेटी द्यावी, पाणी 27-28 अंश उबदार ठेवावे. पहिल्या एक-दोन खेपांना नवखे आईबाप अंडी स्वतःच खातात. धीर सोडू नये. पिले पोहू लागली की त्यांना आर्टेमियाची ताजी पिले हवीत. वाळवलेली अंडी मिठाच्या पाण्यात सुमारे एका दिवसात फुटतात. आणि ज्याला दुसरी पेटी मांडायला जागा नाही, त्याने निदान मध्ये जाळीचा पडदा घालून शेजाऱ्यांचा जीव वाचवावा. ‘निसर्ग आपले पाहून घेईल’ हे बोलणे येथे लंगडे आहे. नदीत मार खाणाऱ्या माशाला पळायला कोस कोस पाणी असते. आपण त्याला तीन फूट दिले आहेत.

यश आले तर नवीनच पंचाईत उभी राहते. शेकडो पिलांचे करायचे काय? मासे विकणाऱ्या दुकानदाराला विचारावे, हौशी मित्रांना द्यावीत. पण तळ्यात किंवा नदीत मात्र सोडू नयेत. तिलापिया, आपल्या बाजारातली चिलापी, हाही आफ्रिकेतला सिक्लिडच. 1952 साली तो खाण्यासाठी भारतात आणला गेला. पिलांना तोंडात सांभाळणारी ही माता इतकी यशस्वी झाली की देशातल्या कितीतरी तळ्यांत आणि धरणांत तिचेच राज्य झाले आणि मूळच्या माशांना जागा अपुरी पडली. दोष तिचा नव्हे. तिने आपली पोरे तेवढी सांभाळली. शेजाऱ्यांची काळजी वाहणे हे तिला तेथे नेऊन सोडणाऱ्याचे काम होते. पेटीपुरते तरी ते आता आपले आहे.