चूक हाताची की नजरेची?

रेखाकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला वस्तुचित्र असते. समोर मांडलेली बादली, तांब्या, फळे पाहून काढायची. सरावाची वर्गातली सगळी चित्रे एकदा शेजारी शेजारी मांडून पाहा. बादलीचे तोंड बहुतेकांनी दिसते त्याहून गोल काढलेले असते आणि बूड सरळ रेषेने. ‘याच्या हातातच कला नाही’ म्हणून आपण मोकळे होतो, आणि त्या मुलाची चित्रकला तिथेच संपते.

हा शेरा तपासून पाहू या. हात चुकत असता, तर काहींचे तोंड जास्त गोल, काहींचे जास्त चपटे आले असते. सगळ्यांची चूक एकाच बाजूला झुकत असेल, तर दोष मोजण्याच्या साधनात शोधावा लागतो. इथे साधन आहे नजर. खरे तर नजरेमागचा मेंदू. तोंड गोल आहे, बूड सपाट टेकले आहे, हे मुलाला माहीत असते. तो माहीत असलेले काढतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थाउलेस यांनी १९३१ साली प्रयोगांनी दाखवले, की तिरकी ठेवलेली तबकडी डोळ्यात जितकी चपटी उमटते, त्यापेक्षा ती आपल्याला गोल भासते. व्यवहारात ही सवय सोयीचीच आहे. चित्रात मात्र ती आड येते.

समजा, बादली एक मीटरवर आहे. तिचे तोंड डोळ्यांच्या पातळीखाली ४५ सेंमी आणि बूड ७५ सेंमी. तोंडाच्या लंबवर्तुळाची उंची रुंदीच्या सुमारे ०.४ पट दिसेल, बुडाची ०.६ पट. म्हणजे बुडाची कड तोंडापेक्षा अधिक वळलेली हवी, आणि नेमकी तीच मुले सरळ ओढतात!

अंतराचेही असेच. मूर्तिजापूर स्टेशनवर मुंबई-नागपूर मार्गाची ब्रॉडगेज आहे आणि अचलपूर-यवतमाळची नॅरोगेजही; ‘शकुंतला’ आता धावत नाही. रुळांमधले अंतर अनुक्रमे १६७६ आणि ७६२ मिमी. हात ताठ करून डोळ्यापासून ६० सेंमीवर पट्टी आडवी धरली, तर १० मीटरवरची ब्रॉडगेज पट्टीवर १० सेंमी भरते, २० मीटरवर ५ आणि १०० मीटरवर फक्त १ सेंमी. अंतर दुप्पट, रुंदी निम्मी. १० मीटरवरची नॅरोगेज आणि २२ मीटरवरची ब्रॉडगेज डोळ्याला सारख्याच रुंदीच्या! (मुलांना फलाटावरच उभे करावे, रुळांवर उतरू देऊ नये.)

वर्गात याहून सोपे म्हणजे खिडकीची काच. एक डोळा मिटून, डोके न हलवता, बाहेरच्या टाकीची किंवा भिंतीची कड स्केचपेनने काचेवर गिरवायला सांगा. कोरी उत्तरपत्रिका देणारा मुलगाही हे गिरवतो, आणि त्याला स्वतःलाच नवल वाटते. मग काचेऐवजी पेन्सिल. ती ताठ हाताने धरून टोकापासून अंगठ्यापर्यंत बादलीची रुंदी घ्यायची आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहायचे. कोपर वाकून ६० चे ५० सेंमी झाले, तर तीच वस्तू एक षष्ठांशाने लहान भरते. पेन्सिलीला दोरा बांधून त्याचे दुसरे टोक गळ्यात अडकवले आणि तो ताणून धरला, की अंतर कायम राहते.