पंचवीस पौंडांचा गेंडा

डेव्हिड शेफर्ड यांनी रंगवलेला आफ्रिकी हत्ती ब्रिटनमध्ये घरोघरी टांगला गेला आणि नेमकं त्याचंच समीक्षकांना वावडं होतं. १९६२ मधल्या ‘वाइज ओल्ड एलिफंट’ या चित्राच्या छापील प्रती विकल्या ‘बूट्स’ या औषधांच्या दुकानांनी, त्याही अडीच लाखांच्या घरात. खोकल्याच्या औषधाशेजारी मिळणाऱ्या चित्राला कलादालनात कोण विचारणार? पण शेफर्ड यांचं मोल करायचं तर या खपापासूनच सुरुवात करावी लागते. तो वजा केला, तर उरतो एक कष्टाळू, सफाईदार, बऱ्यापैकी भाबडा चित्रकार.

खरं तर चित्रकलेकडे ते नाइलाजाने वळले. १९४९ मध्ये केनियात गेले ते अभयारण्यात वॉर्डन व्हायला. ती नोकरी मिळाली नाही, हॉटेलच्या स्वागतकक्षात काही काळ काढून ते मायदेशी परतले. लंडनच्या स्लेड कलाशाळेनेही दार लावून घेतलं. शेवटी रॉबिन गुडविन या चित्रकाराने त्यांना हाताशी धरून तीन वर्षं शिकवलं. विमानांची चित्रं काढून पोट भरू लागलं. १९६० मध्ये हवाई दलाने त्यांना केनियाला नेलं, तर तिथल्या अधिकाऱ्यांना विमानं नकोत, प्राणी हवे होते! धावपट्टीवरचा गेंडा हे त्यांचं पहिलं वन्यजीवचित्र २५ पौंडांना गेलं. त्याच सुमारास टांगानिकातल्या एका पाणवठ्याभोवती त्यांनी २५५ झेब्रे मरून पडलेले पाहिले. चोरट्या शिकाऱ्यांनी पाण्यात विष कालवलं होतं. तेव्हापासून चित्र विकण्यामागचा हेतूच बदलला: वन्यप्राणी वाचवायला पैसा उभा करायचा. मूळ चित्र एकदाच विकलं जातं, प्रती शेकडो खपतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. झांबियात चोरट्या शिकारीवर नजर ठेवायला हेलिकॉप्टर हवं होतं. ते चित्रांच्या पैशांतून आलं. (राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडांनी त्याबद्दल त्यांना वाफेचं जुनं इंजिन भेट दिलं, रेल्वे इंजिनांचं त्यांना हत्तींइतकंच वेड.) १९७३ मध्ये ‘टायगर फायर’ या वाघाच्या चित्राने सव्वा लाखाहून अधिक पौंड उभे केले. समीक्षकांना रुचेल असं दुर्बोध चित्र असतं, तर एवढा पैसा जमला असता का?

यापेक्षा गंभीर आक्षेप वेगळा आहे. समोरून येणारा हत्ती, फाकलेले कान, पायाखाली धूळ आणि मागे रिकामं क्षितिज: या आफ्रिकेत गुराखी नाही, गाव नाही. गोऱ्या साहेबाला हवी तशी, माणसं पुसून टाकलेली भूमी. हा आक्षेप मला खोडता येत नाही, खोडायचाही नाही. मात्र चौकटीबाहेर राहिलेली माणसं हिशेबाच्या वहीत येतात, हेही पाहायला हवं. शेफर्ड यांनी १९८४ मध्ये काढलेल्या संस्थेचा पैसा वनरक्षकांच्या गस्तीवर आणि जंगलालगतच्या शाळकरी मुलांच्या शिक्षणावरही खर्च होतो. पैशाने सगळं साधतं असंही नव्हे. राजस्थानातल्या सरिस्काच्या जंगलातले वाघ सगळा बंदोबस्त असताना संपले आणि २००५ मध्ये ते जगजाहीर झालं. तरी बंदोबस्त उभा करायलाही आधी पैसा लागतोच. ‘टायगर फायर’चा पैसा भारतातल्या वाघांसाठी होता. १९७३ मध्येच, १ एप्रिलला आपला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत महाराष्ट्रातलं एकच नाव होतं, मेळघाट.