चाक बदललं की वळणाचं गणितही बदलतं

देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. १९१३ मध्ये ते जन्मले तेव्हा गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज ते सांगलीत आहे. २०२१ च्या डिसेंबरात देशभर त्याचं नाव झालं ते दत्तात्रय लोहार यांच्यामुळे. भंगारातले सुटे भाग जोडून साधारण ६० हजार रुपयांत त्यांनी छोटी जीप बांधली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती लोहारांना मिळाली. चर्चा झाली ती किकची. घरी गाडी बांधताना खरी कसोटी मात्र पुढच्या दोन चाकांपाशी लागते. इंजिन बिघडलं तर गाडी जागेवर राहील. स्टिअरिंग बिघडलं तर ती धावेल, पण नको तिकडे.

कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली वळताना पाहा. तिचा पुढचा एक्सल चाकांसकट गोल चकतीवर फिरतो. जुन्या घोडागाड्याही अशाच वळत. यात चाकं घासत नाहीत, पण एक्सल तिरका झाला की आधाराचा पाया अरुंद होतो आणि भरलेली गाडी कलंडू शकते. म्युनिकच्या लँकेन्सपर्गर या गाडी बनवणाऱ्यानं एक्सल जागच्या जागी ठेवून फक्त दोन चाकं वळवायची युक्ती काढली. १८१८ मध्ये इंग्लंडात तिचं पेटंट रुडॉल्फ अकरमननं घेतलं आणि नाव त्याचंच राहिलं.

या भूमितीत दोन्ही चाकं सारखी वळत नाहीत. समजा, पुढच्या-मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे, डाव्या-उजव्यांत १.२ मीटर, आणि वळणाचं केंद्र आतल्या मागच्या चाकापासून ३ मीटरवर आहे. मग आतलं पुढचं चाक सुमारे ३४ अंश वळायला हवं आणि बाहेरचं फक्त साडेपंचवीस. दोन्ही सारखी वळवली तर एक चाक डांबरावर फरफटतं. हा फरक साधतो तो चाक वळवणाऱ्या दांड्यांच्या, म्हणजे स्टिअरिंग आर्मच्या तिरकेपणानं. वरून पाहिलं तर दोन्ही आर्मच्या रेषा ढोबळमानानं मागच्या एक्सलच्या मध्यावर मिळतात. म्हणून दुसऱ्याच गाडीचा पुढचा भाग कापून लांबी वेगळी असलेल्या सांगाड्यावर जोडला, की हे गणित हलतं.

आता चाकं बदलण्याचा हौशी भाग. ६०० मिलिमीटर व्यासाच्या जागी ६४० चं टायर बसवलं, तर स्पीडोमीटर ६० दाखवताना गाडी प्रत्यक्षात ६४ नं पळत असते. पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती बाहेर आलेल्या चाकांची. चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला टायरच्या मध्याजवळ टेकतो. तो बिंदू आणि टायरचा मध्य यांतलं अंतर कंपनीनं मिलिमीटरमध्ये ठरवलेलं असतं. रुंद रिंग किंवा स्पेसर घालून चाक २५ मिलिमीटर बाहेर काढलं, की टायरला लागणारा प्रत्येक धक्का लांब दांड्यानं स्टिअरिंगवर येतो. खंबाटकी घाट उतरताना एका चाकाचा ब्रेक जास्त लागला किंवा एकच चाक खड्ड्यात गेलं, तर गाडी त्या बाजूला ओढते. बेअरिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच.

हा दोष अलाइनमेंटनं जात नाही. अलाइनमेंटच्या मशीनवर टो, कॅम्बर आणि कास्टर हे कोन दिसतात. टो सहसा टाय रॉडनं जुळवता येतो, पण बाहेर आलेलं चाक त्यानं आत जात नाही. गाडी बांधणाऱ्यानं आधी चाक आणि रिंग पक्की करावी, मग त्यांच्या मापानं हब आणि आर्म बसवावेत. तयार गाडीवर नवी रिंग घालायची असेल, तर जुन्या रिंगवर ‘ईटी’ या अक्षरांपुढे आकडा असतो तो पाहावा; रिंगची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं ते मिलिमीटरमधलं अंतर. ईटी ४५ च्या जागी तितक्याच रुंदीची ईटी २० ची रिंग बसवली, तर चाक नेमकं २५ मिलिमीटर बाहेर येतं.