आमच्याकडे कॅबरे चालत नाही

मुंबईतल्या एका छोट्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक फोनवर एवढंच म्हणाले, आणि मग समजुतीच्या सुरात जोडलं, "सहकुटुंब प्रेक्षक येतात हो आमच्याकडे." तारीख मागत होती चार पोरं. सामान म्हणजे एक पेटी, एक गिटार, पाच गाणी आणि वीसेक मिनिटांची राजकीय बतावणी. कपडे सगळ्यांचेच घोट्यापर्यंत. चूक एवढीच झाली, की अर्जात कार्यक्रमाच्या प्रकारापुढे त्यांनी 'कॅबरे' असं लिहिलं. मी मध्यस्थी करून पाहिली, फ्रान्सचा इतिहास सांगितला, त्यावर "नियमात बसत नाही" असं उत्तर आलं. शेवटी तो शब्द खोडून 'विनोदी संगीतसंध्या' लिहिलं आणि पाच मिनिटांत तारीख मिळाली.

'कॅबरे म्हणजे तोकड्या कपड्यांतला नाच' हे मी इतक्या वर्षांत इतक्या सुशिक्षित तोंडून ऐकलंय, की आता चिडायचाही कंटाळा येतो. शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे व्हिलनचा अड्डा, पिसांचा झगा आणि हेलन. हेलनबाईंबद्दल मला नितांत आदर आहे. 'कारवाँ'मधला (१९७१) त्यांचा नाच मी आजही काम टाकून बघतो. पण तो कॅबरेच्या पणतीचा फोटो झाला. पणजीची गोष्ट वेगळी आहे.

'कॅबरे' हा फ्रेंचमधला जुना शब्द, अर्थ साधा दारूचा गुत्ता. त्याला आजचं वळण लागलं ते १८८१च्या नोव्हेंबरात, पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी. रोदोल्फ सालिस नावाच्या धंद्यात हुशार माणसानं तिथे 'ल शा न्वार', म्हणजे 'काळा बोका', नावाचं दुकान थाटलं. 'हायड्रोपाथ' म्हणवणारी कवी-गायकांची एक टोळी गावात होतीच. सालिसनं ती उचलून आपल्याकडे आणली. कवी टेबलाशेजारी उभे राहून आपल्या कविता म्हणत, गाणारे सरकारची आणि शेटजींची टर उडवत, आणि शेटजी पैसे मोजून ती ऐकत. वेटरांना फ्रेंच अकादमीच्या विद्वानांचे हिरवे अंगरखे घातलेले. पुढच्याच वर्षी या गुत्त्यानं स्वतःचं साप्ताहिक काढलं. अंगप्रदर्शनाच्या अड्ड्याला साप्ताहिक कशाला लागतं, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

१८८५मध्ये बोका मोठ्या जागेत गेला. तिथली सगळ्यात मोठी गर्दी कशाला होत असे? सावल्यांच्या खेळाला! कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे लगेच कळेल. तिथे चामडं, इथे जस्ताचा पत्रा. चित्रकार आँरी रिव्हिएरनं पडद्यामागे पत्र्याच्या आकृत्या, दिवे आणि रंगीत काचा अशी मांडणी केली होती. कारान दाशनं नेपोलियनची स्वारी काढली. जवळची पलटण मोठी, तिच्यामागची लहान, त्याहून मागची नुसती टोप्यांची रांग, अशी अख्खी फौज टेबलाएवढ्या पडद्यावरून सरकत जाई, आणि सालिस पुढे उभा राहून खड्या आवाजात तिचं वर्णन करी. पियानोवर काही काळ एरिक साती बसत असे. हो, तोच, पुढे मोठा संगीतकार झाला तो. खुर्च्यांवर पॅरिसचे प्रतिष्ठित लोक. सहकुटुंब, असं म्हणायला हरकत नाही.

जुनी जागा अरिस्तीद ब्र्युआँ या गायकानं घेतली. काळी टोपी, लाल मफलर; तुलूझ-लोत्रेकच्या पोस्टरवरचा तो माणूस. आलेल्या गिऱ्हाइकाचा शिव्या देऊन सत्कार करायचा ही त्याची पद्धत, आणि त्या खायला लोक बग्ग्या करून येत. सामान हलवताना सालिसची तेराव्या लुईच्या काळातल्या घाटाची एक खुर्ची मागे राहिली. त्यानं परत मागितली, तर ब्र्युआँनं ती उंचावर टांगली आणि तिच्यावर गाणंच रचलं. कॅबरे म्हणजे काय हे विचाराल तर मी ही खुर्ची दाखवीन.

हे लोण पसरलं तेही याच रूपात. १९०१मध्ये बर्लिन आणि म्युनिकमध्ये कॅबरे निघाले. १९१६मध्ये झुरिकच्या 'कॅबरे व्होल्तेर'मध्ये दादावाद ही कलाचळवळ जन्मली, आणि तिथे तर कविताही धड कळत नव्हत्या. बर्लिनच्या 'काटाकोम्ब'मध्ये वेर्नर फिंक एकटा उभा राहून अर्धी वाक्यं बोलायचा, उरलेलं अर्धं प्रेक्षक मनात पूर्ण करायचे. हिटलर सत्तेवर आल्यावर कोपऱ्यात बसून टिपणं घेणाऱ्या गुप्त पोलिसांना त्यानं एकदा विचारलं म्हणतात: मी फार भरभर बोलतोय का? माझ्यामागून येताय ना, की मलाच तुमच्यामागून यावं लागेल? १९३५मध्ये 'काटाकोम्ब'ला टाळं लागलं आणि फिंकची रवानगी एस्टरवेगनच्या छळछावणीत झाली. पाय दाखवल्याबद्दल नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर उघडे नाचही होते. बर्लिनमध्ये १९२०च्या दशकात नग्न नृत्यांचे मोठे रिव्ह्यू चालत, आनिटा बेर्बर त्यासाठी गाजलीही. पण तो धंदा मुख्यतः मोठ्या रंगमंचांचा आणि नाइटक्लबांचा. सरमिसळ वाढली ती शब्द अटलांटिकपार गेल्यावर. १९१०च्या पुढे अमेरिकेतल्या रेस्टॉरंटांनी जेवणाबरोबरच्या करमणुकीला सरसकट 'कॅबरे' म्हणायला सुरुवात केली. मोठ्या हॉटेलांमार्फत तोच अर्थ मुंबई-कलकत्त्याला उतरला: बँड, डिनर, मधोमध नाच. बँडमध्ये गोव्याचे वादक. अल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यांतलेच. कवी आणि बतावणीवाला तेवढे बोटीवर चढलेच नाहीत. उरलेलं काम हिंदी सिनेमानं केलं.

बाकीच्या समजुतींना एकेक वाक्य पुरे.

'मूलाँ रूज हा जगातला पहिला कॅबरे': तो १८८९चा, आणि मुळात नाचघर; वरच्या लाल पवनचक्कीनं कधी एक दाणा दळलेला नाही.

'कॅनकॅन तिथे जन्मला': त्याच्या पन्नासएक वर्षं आधीपासून पॅरिसचे कष्टकरी तो नाचत होते, त्यांत पुरुषही होते.

'कॅनकॅनची ती धून ऑफेनबाखनं कॅनकॅनसाठी केली': त्यानं ती १८५८च्या एका ऑपेरेटात देवांच्या पाताळातल्या धिंगाण्यासाठी केली.

'सिनेमातला किट कॅट क्लब बर्लिनमध्ये बघायला मिळतो': १९७२च्या 'कॅबरे'तला तो क्लब कल्पित आहे, आणि हे सांगितल्यावर सहलीहून आलेली मंडळी रागावतात.

'नाइटक्लबात गायचं म्हणजे तसले कपडे': उषा उथुप कलकत्त्याच्या 'ट्रिंकाज'मध्ये कांजीवरम नेसून गायल्या.

राहता राहिला तो नियम. मी तो शोधून काढला. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६०च्या नियमांचं नाव भलतंच लांबलचक आहे, आणि त्या नावातच कॅबरे, मेळे आणि तमाशे एका ओळीत शेजारी-शेजारी बसलेत. कोणा कारकुनानं सोयीसाठी बसवले असतील. पण शेजार बरोबर जमलाय. बर्लिनच्या रंगभूमीवर १९२८मध्ये ब्रेख्त आणि कुर्ट व्हाइल यांनी कॅबरेच्याच मुशीतलं 'थ्रीपेनी ऑपेरा' आणलं. त्यात रस्त्यावरच्या गायकाचं ते प्रसिद्ध गाणं म्हटलं कॅबरेतच नाव कमावलेल्या कुर्ट गेरोननं; त्याला नाझींनी १९४४मध्ये ऑश्विट्झमध्ये मारलं. पु. ल. देशपांड्यांनी हे नाटक १९७८मध्ये मराठीत आणताना नाव दिलं 'तीन पैशाचा तमाशा'.

पोरांना मी तोच शब्द सुचवला होता. त्यांनी व्यवस्थापकांना पुन्हा फोन लावला, 'तमाशा' लिहिलं तर चालेल का म्हणून. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग, "संगीतसंध्याच राहू द्या."