चौकट : विज्ञानाचा तास, शिक्षक आणि तंत्रज्ञान

● नाना चौक, १९७४ : होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची सुरुवात याच वर्षी झाली. केंद्राचे पहिले बिऱ्हाड मुंबईत गिरगावालगतच्या नाना चौकातील पालिका शाळेत होते.

● टॅब, २०१५ : मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले.

● क्यूआर कोड : सोलापूरच्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले.

● शिक्षक तंत्रज्ञान कधी स्वीकारतात? : फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन कसोट्या मांडल्या : साधन उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपे वाटते का. पुण्य मिश्र व मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये दाखवले, की विषय, अध्यापन आणि तंत्र या तिन्हींची जाण एकत्र लागते.

● वर्गात काय घडते? : नववीत ओहमचा नियम शिकवताना ‘फेट’ या मोफत सिम्युलेशन-संचात तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. व्होल्टेज वाढवले, की त्यांचा वेग वाढतो. पण सैल जोडणीमुळे थरथरणारा अॅमीटरचा काटा प्रयोगशाळेतच अनुभवावा लागतो. म्हणून दोन्ही हवे.

● शाळांनी काय करावे? : नुसते यंत्र बसवून भागत नाही. शिक्षकांना सरावासाठी वेळ द्या, दुरुस्तीची सोय ठेवा आणि खरेदीआधी त्यांचे मत जरूर विचारा.