सोनार किल्ल्यात खोली बुक करताय?

दिवाळी संपली की सोसायट्यांच्या, भिशी मंडळांच्या आणि निवृत्त मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जैसलमेरचं वारं वाहू लागतं. पंधरा-वीस माणसं, डिसेंबर-जानेवारीतले चार-पाच दिवस आणि त्यात कुणीतरी एक माहितगार. हा माहितगार हमखास सांगतो, ‘‘राहायचं तर किल्ल्यातच. खाली राहिलात तर जैसलमेर पाहिलंच नाही म्हणा!’’ त्याला हे मेव्हण्याने सांगितलेलं असतं, मेव्हण्याला एखाद्या रीलने. दर हिवाळ्यात हे ऐकायचं आणि दर हिवाळ्यात तेच समजावत बसायचं, याचा आता कंटाळा आलाय.

आधी किल्ल्याबद्दल. रावळ जैसल या भाटी राजाने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर तो बांधला. पिवळ्या, सोनेरी दिसणाऱ्या दगडाचा, म्हणून ‘सोनार किल्ला’. ९९ बुरुजांचा. अखई पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल ओलांडून आत गेलं की राजवाडा आहे, जैन मंदिरं आहेत आणि शेकडो घरांत नांदती माणसंही आहेत. आपल्याकडे किल्ला म्हटलं की पडकी तटबंदी आणि गवतातली जोती डोळ्यांपुढे येतात. पन्हाळ्यासारखा वस्ती असलेला गड हा अपवाद. त्यामुळे किल्ल्यात राहायला मिळतंय याचं अप्रूप वाटणं स्वाभाविक आहे. अप्रूपाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यापुढच्या वाक्याबद्दल: ‘‘किल्ला साडेआठशे वर्षं उभा आहे. आपल्या वीस जणांच्या आंघोळींनी त्याला काय होणार?’’

होतं. आंघोळींनीच होतं.

साडेआठशे वर्षांत या किल्ल्याने वेढे सोसले, दुष्काळ सोसले. पाणी मात्र त्याने फारसं पाहिलंच नव्हतं. जैसलमेरचा वार्षिक पाऊस साधारण २०० मिलिमीटरच्या आत. कोकणात जुलैतल्या एखाद्या झोडपणाऱ्या दिवशी एवढा पडून जातो. किल्ल्यातल्या बायका खालच्या गडीसर तलावातून डोक्यावर घडे घेऊन चढून येत. असं आणलेलं पाणी कोण सांडेल? भांडी वाळूने घासली जात आणि एकदा वापरलेलं पाणी दुसऱ्या कामाला येई. उघड्या गटारांतून वाहायचं ते अगदी थोडं, आणि तेही उन्हात वाळून जायचं. घरं, छपरं, गटारं, सगळं या हिशेबाने बांधलेलं होतं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळ आले, त्यांच्या मागोमाग पर्यटक आले. जुन्या घरांची गेस्ट हाऊस झाली, प्रत्येक खोलीला फ्लश आणि शॉवर जोडले गेले. हे पाणी जाणार कुठे? टेकडी काही काळ्या कातळाची नाही. वालुकाश्म आणि त्यात मातकट, मऊ थर अशी तिची घडण. गळक्या पाइपांतून आणि तुंबलेल्या गटारांतून पाणी या थरांत झिरपतं, थर भिजून ढिले होतात आणि वरच्या भिंतींचा, बुरुजांचा पाया सरकतो. बुरूज ढासळलेत, वाड्यांच्या भिंतींना तडे गेलेत. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ ही संस्था जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंची यादी काढते. तिच्या १९९६, १९९८ आणि २००० या लागोपाठच्या तीन याद्यांमध्ये जैसलमेरचा किल्ला होता. २०१३ मध्ये युनेस्कोने राजस्थानातले सहा डोंगरी किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यातही तो आहे. अनेकांना वाटतं की युनेस्कोचा शिक्का बसला म्हणजे दुरुस्ती झाली. शिक्क्याने पाइप गळायचे थांबत नाहीत. ऑगस्ट २०२४ मधल्या जोरदार पावसात तटाच्या भिंतीचा एक भाग कोसळला.

‘‘पण आता गटारं नवीन केलीत ना?’’ हाही प्रश्न येतो. केलीत, आणि ते चांगलंच झालं. पण गटारं सुधारली म्हणजे टेकडी हवं तेवढं पाणी पचवायला तयार झाली, असा अर्थ होत नाही. आणखी एक युक्तिवाद भावनेला हात घालणारा असतो: आपण राहिलो नाही तर तिथल्या लोकांनी खायचं काय? याचं उत्तर सोपं आहे. सबंध दिवस किल्ल्यात घालवा. तिथे जेवा, चहा प्या, चादरी घ्या, किल्ल्यातच वाढलेला गाइड घ्या आणि त्याला नीट पैसे द्या. फक्त झोपायला आणि आंघोळीला खाली या.

टेकडीची काळजी नसेल तर निदान स्वतःच्या गुडघ्यांची करा. तुमची बस किल्ल्यात जात नाही. रिक्षा दशहरा चौकापर्यंत चढते, पुढे सामान उचलून बोळांतून चालायचं, आणि बोळात समोरून गाय आली तर तिला आधी जाऊ द्यायचं. जुन्या घरांतल्या खोल्या लहान, जिने उभे, आणि वीस जणांना एकाच छताखाली जागा मिळणं कठीण. ग्रुप तीन गेस्ट हाऊसमध्ये विखुरला की सकाळी सगळ्यांना गोळा करताना संयोजकाचा अर्धा दिवस जातो. राहिला तो ‘व्ह्यू’. उतरत्या उन्हात सोन्यासारखा दिसतो तो किल्ला बाहेरून. गडीसरच्या काठावरून, व्यास छत्रीपासून किंवा खालच्या एखाद्या हॉटेलच्या गच्चीवरून. किल्ल्याच्या आत खोली घेतलीत तर खिडकीतून खालचं शहर दिसेल, शहरातल्या पाण्याच्या टाक्या दिसतील. किल्ला कसा दिसणार?

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत, पण ग्रुपचा खोळंबा करायला पुरेसे.

वाळवंट म्हणजे उकाडा, स्वेटर कशाला? डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश, त्यामुळे दिवसाची ऊब सूर्याबरोबरच निघून जाते. सम इथल्या वाळूच्या टेकड्यांजवळ तंबूत मुक्काम असेल तर कानटोपी आणि जाड मोजे न्याच.

हॉटेलमधून बाहेर पडलं की वाळूच्या टेकड्या? नाही. शहर खडकाळ माळावर आहे. सम साधारण ४० किलोमीटरवर आहे.

जोधपूरहून सकाळी निघून रात्री परत? एका बाजूचं अंतरच २८० किलोमीटरच्या आसपास आहे. दिवसभर बसची खिडकी पाहायची हौस असेल तर जरूर.

किल्ल्याला तिकीट आहे? दरवाजातून आत जायला नाही. राजवाड्याच्या संग्रहालयाला आहे. जैन मंदिरं पर्यटकांना साधारण दुपारपर्यंतच खुली असतात. ‘जेवून निवांत जाऊ’ म्हणणारे बंद दाराशी पोचतात.

मरु महोत्सव दिवाळीत असतो? तो माघ पौर्णिमेला संपतो, म्हणजे बहुधा फेब्रुवारीत. तिथीवर असल्याने तारीख दरवर्षी बदलते. बुकिंगआधी पंचांग बघा.

उंटाच्या मदारीत पाणी असतं? चरबी असते. शाळेत शिकलो होतो आपण.

कुलधराबद्दल मात्र दोन शब्द जास्त. शहरापासून जवळच असलेलं हे ओसाड गाव. दिवाण सालिमसिंगच्या जाचाला कंटाळून पालीवाल ब्राह्मणांनी ते एका रात्रीत सोडलं आणि जाताना शाप दिला, असं प्रत्येक गाइड सांगतो. गोष्ट रंगतदार आहे, ऐकायला हरकत नाही. पण लोकसंख्येच्या जुन्या नोंदी वेगळं सांगतात. गावाची वस्ती एके काळी दीड हजारांवर होती, १८१५ च्या सुमारास ती ८०० वर आली आणि १८९० मध्ये ३७ उरली. म्हणजे ‘एका रात्री’ला पाऊणशे वर्षं लागली. विहिरी आटत गेल्या, कर वाढत गेले, लोक हळूहळू बाहेर पडले. भुतं पाहायला रात्री तिथे जायचा हट्ट धरणाऱ्या भाच्याला हा हिशेब दाखवा.

त्याऐवजी त्याला अकलला न्या. बाडमेर रस्त्यावर, शहरापासून सुमारे १७ किलोमीटरवर. इथे जमिनीवर पडलेले झाडांचे बुंधे १८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, पार दगड झालेले. आज जिथे कुसळं उगवतात तिथे तेव्हा जंगल होतं. बहुतेक ग्रुप हे ठिकाण गाळतात, कारण इथे उंटावर बसून फोटो काढता येत नाही.

आणि सीमेजवळचं तनोट-लोंगेवाला. तनोटच्या मंदिरापर्यंत जायला भारतीयांना परवाना लागत नाही, पुढे थेट सीमेवर जायचं तर सीमा सुरक्षा दलाची परवानगी हवी. पण ग्रुपमध्ये अमेरिकेहून आलेला, तिथला पासपोर्ट असलेला भाऊ किंवा वहिनी असेल, तर सीमेकडच्या भागासाठी जिल्हा प्रशासनाचे नियम वेगळे आहेत. ते आधीच विचारून घ्या, बस चेकपोस्टवर उभी असताना नको.