गुडघ्यांची आणेवारी

उभ्या पिकावरून सुगीचा अदमास करणे हे महसूल खात्याचे जुने काम होय. पूर्वी त्यास आणेवारी म्हणत, हल्ली पैसेवारी म्हणतात. कारकुनीत असता या कामाचे कागद आम्ही पुष्कळ हाताळले व एक गोष्ट शिकलो. अदमास वेळेवर झाला तरच तो शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो. हंगाम गेल्यावर काढलेला आकडा केवळ दप्तराची भर करतो. वृद्ध माणसांच्या गुडघ्यांसही हाच न्याय लागू आहे, हे मात्र आम्हांस फार उशिरा उमगले.

आमचे वास्तव्य बेलापूरनजीक दिवाळे या कोळीवाड्यात आहे. या पट्टीतील भातखाचरे व मिठागरे 1970 नंतर नवी मुंबईच्या वसाहतीसाठी संपादित झाली. परंतु ज्या बायांनी तरुणपणी वाकून लावणी केली, खाडीचा चिखल तुडविला व पुढे जमिनीवर बसून मासळी विकली, त्या आज सत्तरीच्या घरात आहेत. आमच्या आत्याबाई त्यांपैकीच एक. गुडघे दुखतात असे त्या वीस वर्षे सांगत होत्या, म्हणूनच कोणी त्याकडे लक्ष देईना. मग त्यांनी बाजारात जाणे सोडले. पुढे उठताना हातांचा रेटा लागू लागला. नंतर शेजारी जाणेही बंद झाले. “आता वयच झालं,” असे आम्ही म्हणत राहिलो. दोन वर्षांत मोरीपर्यंत जाण्यास त्यांना सुनेचा हात धरावा लागला. दुखणे फारसे वाढले नव्हते. हिंडणेफिरणे मात्र घटत गेले होते, आणि ते कोणी मोजले नव्हते.

हे एका घरचे गाऱ्हाणे नव्हे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली, तेव्हा 4,000 हून अधिक प्रौढांपैकी शेकडा सुमारे 18 जणांस हाडे, सांधे वा स्नायू यांची दुखणी आढळली. यांतील प्रत्येक जण पांगळा होतो असे मुळीच नाही. मग कोण होईल, हे ओळखावे कसे?

क्ष-किरण चित्रावरून ते पुरते कळत नाही. उताऱ्यावर लिहिलेले पीक व शेतात उभे असलेले पीक नेहमी एकच नसते, तसेच हे. चित्रात झीज मोठी, पण माणूस डोंगर चढतो. झीज थोडी, पण माणूस खाटेस खिळतो. अमेरिकेतील आयोवा प्रांतात सत्तरी ओलांडलेल्या, परंतु स्वतःची कामे स्वतः करणाऱ्या 1,100 हून अधिक लोकांचा तोल, चाल व खुर्चीतून उठणे तपासण्यात आले. ज्यांचे पाय या कसोटीत मंद ठरले, तेच पुढील चार वर्षांत अधिक संख्येने परावलंबी झाले, असे 1995 साली प्रसिद्ध झाले. आपल्या खाडीपलीकडील देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 साली देशभर 72,000 हून अधिक लोकांची पाहणी केली, तीतही वृद्धांची चाल घड्याळ लावून मोजली होती.

ही मोजणी घरीही करता येते. खुर्ची भिंतीस टेकवावी, हात छातीवर बांधावेत व पाच वेळा उठून बसावे. जवळ कोणीतरी उभे असावे. आशियातील तज्ज्ञांनी 2019 साली ठरविल्याप्रमाणे यास 12 सेकंद वा अधिक लागल्यास, किंवा 6 मीटर नेहमीच्या चालीने जाण्यास 6 सेकंदांहून अधिक लागल्यास पायांची शक्ती घटली असे समजावे. त्यात अंगाचा स्थूलपणा, दोन्ही गुडघ्यांचे दुखणे, एखादवेळ पडणे, पडण्याच्या धास्तीने घरी बसणे किंवा मनाची उदासी यांची भर असेल, तर पैसेवारी खाली उतरली म्हणून समजावे.

आता उपाय. दुखते म्हणून बसून राहणे हाच मोठा घात होय; मांडीचे स्नायू सुकले की सगळा भार सांध्यावर येतो. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरणे, खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे व सोसवेल तितके चालणे ही त्रिसूत्री रोज पाळावी. वजन उतरवावे, एक किलो कमी झाल्यास दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे 2005 सालच्या एका संशोधनात आढळले. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हाती धरावी. वेदनाशामक गोळ्या मनाने खाऊ नयेत. त्यांनी पोट व मूत्रपिंड बिघडतात. गुडघा तांबडा, गरम व सुजलेला असेल, तापही असेल, किंवा तो एकाएकी अडकत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

आत्याबाईंच्या खुर्चीजवळ आता भिंतीवर दिनदर्शिका टांगली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस सूनबाई सेकंद मांडतात. आरंभी त्यांस पाच वेळा उठताच येत नव्हते. आता येते, व ओट्यापर्यंत त्या एकट्या जातात. गेलेली दोन वर्षे मात्र परत येत नाहीत. सबब आमच्या शेतकरी बंधूंस एवढीच विनंती की, भाताची पैसेवारी सरकार करील. घरातील म्हाताऱ्यांची आपणच करावी, आणि ती सुगीपूर्वी करावी.